साठी, बुद्धी आणि मेंदूचा रक्तप्रवाह

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने घरातल्या कोणा ना कोणा वडीलधाऱ्यांच्या पाठीमागे ऐकलेली आहे, आणि आता ती आपल्या पाठीमागे म्हटली जात असण्याचा संभव आम्ही नाकारीत नाही. म्हण चिमुकली असली तरी तिच्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. बुद्धी जाते ती वयामुळे, आणि वयावर इलाज नाही म्हणून बुद्धी जाण्यावरही नाही, असा तो सिद्धान्त होय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्रही याहून फारसे निराळे सांगत नव्हते. त्याने वयाच्या जागी रक्तवाहिन्या बसविल्या, एवढेच. म्हातारपणी नसा कडक होतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस विसरू लागतो, असे डॉक्टर सांगत आणि घरची मंडळी मान हलवीत. हा समज कोठून आला, तो मोजून कोणी पाहिला आणि मोजल्यावर काय निघाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. या मोजणीत मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्याकडे जवळजवळ अज्ञात आहे, हे लेखणी उचलण्याचे मुख्य कारण. आम्ही वैद्य नव्हे. शासकीय सेवेत आयुष्यभर आकड्यांशी संबंध आला, तेवढ्याच भांडवलावर हे धाडस करीत आहोत.

प्रथम आपली भाषा काय म्हणते ते पाहू. अर्धे अंग लुळे पडले की लष्करच्या वाड्यांतून अजूनही 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. उतारवयातील भ्रमिष्टपणाला 'म्हातारचळ' हा शब्द आहे. दोन्हींत रक्ताचा उल्लेखही नाही. आयुर्वेदाने पक्षाघाताची गणना वातविकारांत केली आणि चरकाने मनाचे स्थान हृदयात मानले. अपवाद भेलसंहितेचा. तिने मनाला मस्तक आणि टाळू यांच्या मध्ये जागा दिली. या संहितेची जवळजवळ एकमेव पोथी तंजावरच्या भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथसंग्रहात टिकून राहिली, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना खचितच आवडेल. आज वैद्यकीय परिभाषेत रूढ झालेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तेथे मात्र तो क्रोध आणि मोह यांच्या पायरीवरून येतो. म्हणजे ते आचरणाचे पतन आहे, इंद्रियाचा रोग नव्हे. शब्द घेताना ही जुनी छटाही नकळत बरोबर आली की काय, असे आम्हांस वाटते. कारण विसरणाऱ्या वृद्धाकडे पाहताना आजही घरात दयेच्या जोडीला किंचित दोषारोप असतोच.

युरोपात मेंदूचा आणि रक्ताचा संबंध प्रथम प्रयोगाने पाहिला तो इटलीतील तुरीनच्या आंजेलो मोस्सो यांनी. बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या कवटीला जखमेमुळे भोक पडले होते आणि त्यातून मेंदूचे ठोके दिसत. दुपारी बाराच्या घंटा झाल्या तेव्हा मोस्सोंनी त्याला विचारले, 'या घंटेने प्रार्थनेची आठवण होते काय?' प्रश्नासरशी मेंदूचे ठोके वाढले. हाताची नाडी होती तशीच राहिली. मोस्सोंचा यावरचा ग्रंथ १८८१ सालचा. त्यांनी माणसाला आडवे निजविण्याचा एक तराजूही केला होता. विचार करताना डोक्याकडील बाजू झुकते का, हे त्यांना पाहावयाचे होते. वर्तमानपत्रापेक्षा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ वाचताना तराजू अधिक झुकतो, असे त्यांच्या घरी सांगत. ही कथा जितकी गोड तितकीच संशयास्पद आहे, पण मूळ कल्पना खरी निघाली.

पुढे १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी लिहिले की, मेंदूचा जो भाग काम करतो तो आपल्या कामातून निघालेल्या द्रव्यांच्या योगे स्वतःकडे रक्त ओढून घेतो. याच निबंधाने पुढील शंभर वर्षांच्या वादाचे बीज पेरले. कामाप्रमाणे रक्त येत असेल, तर ज्याचा मेंदू मंदावला त्याच्याकडे रक्त कमी जाणारच. मग रक्त कमी झाले म्हणून बुद्धी गेली, की बुद्धी गेली म्हणून रक्त कमी झाले? जमाखर्चाची वही पाहणाऱ्यास हा प्रश्न नवा नाही. खजिन्यात आवक घटली म्हणून काम थांबले, की काम थांबले म्हणून मागणी घटली, हे नुसत्या शिलकेवरून कळत नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी लागतात.

या नोंदी मिळण्यास अर्धशतक लागले. दरम्यान १८९४ मध्ये ओटो बिन्सवांगर यांनी मेंदूच्या खोल भागातील रक्तवाहिन्यांच्या विकाराने येणाऱ्या बुद्धिमांद्याचे वर्णन केले, आणि १९०६ मध्ये अल्झायमर यांनी आपल्या त्या प्रसिद्ध रुग्ण स्त्रीची हकीकत ट्यूबिंगेन येथील सभेत मांडली. परंतु अल्झायमरचा रोग कमी वयातील दुर्मीळ विकार मानला गेला, आणि सामान्य म्हाताऱ्यांसाठी 'कडक नसा' हेच निदान कायम झाले.

ज्या सुमारास आपल्या शहरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय उघडले (१९४६), त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी जिवंत, शुद्धीवरील माणसाच्या मेंदूतून मिनिटाला किती रक्त वाहते हे मोजण्याची रीत बसविली. रीत अशी : माणसाने दहा मिनिटे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्यांकडचा तो 'हसविणारा वायू', अल्प प्रमाणात हुंगावयाचा. हा वायू शरीरात जळत नाही, नुसता विरघळतो. त्या अवधीत एक सुई हाताच्या धमनीत आणि दुसरी मानेत, कवटीच्या पायथ्याशी जेथे मेंदूचे वापरलेले रक्त बाहेर पडते त्या नीलेत. जाणाऱ्या आणि येणाऱ्या रक्तातील वायूचा फरक किती लवकर मिटतो, यावरून प्रवाह काढावयाचा. निरोगी तरुणांत मेंदूच्या दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर असा आकडा १९४८ मध्ये निघाला. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शेकडा दोन; पण विश्रांतीच्या वेळी प्राणवायूचा खर्च शेकडा वीस. या रीतीचा मोठा गुण असा की, तीत रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा खर्च हे दोन्ही एकाच वेळी कळतात. आवक आणि खर्च, दोन्ही रकाने. केटी पुढे १९५१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेले.

याच संस्थेत डॉ. दाराब के. दस्तूर काम करावयास गेले. मुंबईचे पारशी, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय हे त्यांचे कार्यक्षेत्र. मेंदूविकृतिशास्त्र हा विषय भारतात रुजविणाऱ्या पहिल्या थोड्या लोकांपैकी ते एक. कुष्ठरोगात मज्जातंतू कसे बिघडतात आणि क्षयरोगाच्या मेंदूज्वरात मेंदूचे काय होते, यांवरील त्यांच्या संशोधनामुळे त्यांचे नाव जगभर झाले. बेथेस्डाच्या कामाची आठवण त्या मानाने कमी काढली जाते. आमच्या मते ते काम या सर्व इतिहासाचा मध्य आहे.

त्या अभ्यासात ६५ वर्षांवरील ४७ पुरुष निवडण्यात आले. अट अशी की, माणूस आपल्या पायांनी समाजात वावरणारा आणि निरोगी असावा. आजवरचे अभ्यास इस्पितळांतील आणि वृद्धाश्रमांतील लोकांवर झाले होते, त्यामुळे वयाचा परिणाम आणि रोगाचा परिणाम यांची गल्लत होत आली होती. दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वृद्धांची तुलना वीस-बावीस वर्षांच्या निरोगी तरुणांशी केली. शिवाय वृद्धांतही अधिक बारीक चाळणी लावली. ज्यांच्यात कसून तपासूनही काही सापडले नाही ते निराळे, आणि ज्यांची काही तक्रार नव्हती, पण तपासणीत धमनीकाठिण्याची किंवा वाढलेल्या रक्तदाबाची सौम्य लक्षणे दिसली ते निराळे. तुलनेसाठी वार्धक्यात बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांचेही मापन होते. निष्कर्ष १९६३ मध्ये 'ह्यूमन एजिंग' या ग्रंथात प्रसिद्ध झाले. दस्तूरांचे नाव त्या प्रकरणाच्या लेखकांत पहिले आहे. केटी आणि सोकोलॉफ यांची नावे त्यानंतर येतात.

आता आकडे पाहावे. तरुणांचा प्रवाह ६२. सरासरी ७१ वर्षांच्या पूर्ण निरोगी वृद्धांचा ५८. हा फरक मोजणीच्या दृष्टीने नगण्य. प्राणवायूचा खर्च ३.५ आणि ३.३, म्हणजे तोही जवळजवळ तोच. सौम्य धमनीकाठिण्य असलेल्यांचा प्रवाह मात्र ४८ वर उतरलेला, तरी प्राणवायूचा खर्च ३.२ राहिला. बुद्धिभ्रंश झालेल्यांचा प्रवाहही ४८ च, पण प्राणवायूचा खर्च २.७.

हे चार गट आम्ही अनेक वेळा वाचले. पहिल्या दोन गटांवरून एवढे सिद्ध होते की केवळ सत्तरी आली म्हणून मेंदूचे रक्त आटत नाही. म्हणीचा पाया तेथेच ढासळतो. तिसरा गट त्याहून बोलका आहे. या माणसांची आवक घटली होती, पण खर्च शाबूत होता. म्हणजे मेंदू तेवढ्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेऊन घर चालवीत होता. चौथ्या गटात आवक तेवढीच, पण खर्चही कोसळला. ज्या ठिकाणी रोग रक्तवाहिन्यांचा होता, तेथे रक्तप्रवाह आधी घटला आणि मेंदूचे कार्य मागाहून, असा क्रम यातून सुचतो. सुचतो एवढेच म्हणावे लागते, कारण ही माणसे वेगवेगळी होती. एकाच माणसाला तिसऱ्या गटातून चौथ्यात जाताना कोणी पाहिले नव्हते. या ४७ जणांचा पाठपुरावा अकरा वर्षांनी झाला आणि त्याचा ग्रंथ १९७१ मध्ये निघाला. पूर्ण निरोगी गटातील माणसे दुसऱ्या गटापेक्षा अधिक प्रमाणात हयात होती.

वयाने बुद्धी जातेच असे नाही, हे ग्वाल्हेरकरांना सांगावयास बेथेस्डा कशाला हवे, असे कोणी म्हणेल. कृष्णराव शंकर पंडित १८९३ मध्ये जन्मले आणि १९८९ मध्ये गेले. ऐंशीच्या घरातही त्यांच्या गळ्यातून ख्याल, टप्पे, तराणे निघत होते, आणि ग्वाल्हेर गायकीची बंदिश म्हणजे केवळ गळ्याचे नव्हे, स्मरणाचेही काम आहे. उदाहरण खरे आहे; पण उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. पंडितजी असामान्य होते, असे म्हणून लोक पुन्हा म्हणीकडे वळतात. ४७ सामान्य माणसे मोजल्यावर ती पळवाट राहत नाही.

रक्तप्रवाहाचा हा विषय आपल्या घरांत आणखी एका वाटेने शिरला होता, तो शीर्षासनाच्या. डोके खाली केले की मेंदूला रक्त मिळते आणि स्मरण वाढते, असे व्यायामशाळेत शिकविले जाई. लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच दशकात आसने करणाऱ्यांचे रक्तदाब यंत्राने मोजून 'योगमीमांसा' त्रैमासिकात छापले. गोष्टी मोजून पाहण्याची ही वृत्ती त्या काळी दुर्मीळच. पुढे १९५९ मध्ये कोपनहेगनच्या नील्स लासेन यांनी जगभरची मापने एकत्र करून दाखविले की, निरोगी मेंदू आपला प्रवाह स्वतःच राखतो. सरासरी दाब साधारण ६० ते १५० या मर्यादांत वरखाली झाला, तरी बारीक धमन्या आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह तेवढाच ठेवतात. शीर्षासनाचे इतर गुण असतील ते असोत. डोक्याकडील दाब वाढला म्हणून स्मरणशक्तीस अधिक रक्त मिळते, हे गणित बसत नाही. काचबिंदूच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी तर ते करूच नये.

याच चुकीच्या गणिताने औषधांची एक पिढी खपली. नसा रुंद करणाऱ्या गोळ्या साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडेही सर्रास लिहून दिल्या जात. गोळीने रुंदावतात त्या निरोगी धमन्या, रोगट नव्हेत. त्यामुळे काही वेळा जेथे रक्त हवे तेथूनच ते दुसरीकडे वळते, हेही लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मापनांतून ध्यानात आले. कवटीबाहेरची धमनी आत जोडून देण्याची शस्त्रक्रियाही निघाली. १३७७ रुग्णांवरील तिचा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पक्षाघात टाळण्यास तिचा उपयोग नाही असे ठरले. रक्त कमी आहे, म्हणून रक्त वाढवा, हा सरळ वाटणारा उपाय दोन्हीकडे फसला.

तोपर्यंत निदानही बदलले होते. इंग्लंडात न्यूकॅसल येथे बुद्धिभ्रंशाने मरण पावलेल्या वृद्धांचे मेंदू तपासले, तेव्हा बहुतेकांत अल्झायमरने वर्णिलेलेच फेरबदल सापडले. १९७४ मध्ये हाचिन्स्की, लासेन आणि मार्शल यांनी 'लान्सेट'मध्ये स्पष्ट लिहिले की, कडक नसांमुळे मेंदू हळूहळू उपाशी मरतो ही समजूत चुकीची आहे. रक्तवाहिन्यांमुळे बुद्धी जाते तेव्हा ती लहानमोठ्या अनेक आघातांनी, मेंदूचे कण कण मृत होऊन जाते. असा ऱ्हास पायऱ्यापायऱ्यांनी होतो. माणूस एकाएकी खालावतो, काही महिने स्थिर राहतो, पुन्हा खालावतो.

हे वर्णन वाचताना आम्हांस आमच्या सेवेतील एका जिल्ह्याच्या कोषालयातील नोव्हेंबर महिने आठवले. निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यास येत आणि नमुन्याशी सही जुळविली जाई. कोणाची सही वर्षानुवर्षे थोडी थोडी कापरी होत जाई. कोणाची मात्र एका वर्षी ठाकठीक आणि पुढल्या वर्षी ओळखू न येण्यासारखी, आणि बरोबरचा मुलगा म्हणे, 'वयच झालं, साहेब.' त्या एका वर्षात काही घडले असले पाहिजे, हा प्रश्न ना त्या घरात कोणी विचारी, ना कचेरीत. विचारावयास तो रकाना नव्हता.

मुंबईत या आघातांचा अभ्यास डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांचे सहकारी करीत होते. मेंदूच्या धमनीत अडकलेली गुठळी कित्येकदा आपोआप विरघळते, हे त्यांनी क्ष-किरण चित्रांवरून दाखविले. तो निबंध १९६५ मध्ये 'लान्सेट'मध्ये आला. दलालांनीच पुढे २००५-०६ मध्ये मुंबईतील एका वस्तीत पक्षाघातांची नोंदवही ठेवली. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला आघात, असे प्रमाण निघाले. दस्तूर स्वतः १९८५ मध्ये आपल्या जुन्या मापनांकडे परतले आणि निरोगी वार्धक्य, रोगट वार्धक्य व बुद्धिभ्रंश यांची सांगड घालणारा निबंध त्यांनी लिहिला.

एकदा बाहेर घालविलेला रक्तप्रवाह गेल्या पस्तीस वर्षांत मागच्या दाराने पुन्हा आत आला आहे, आणि तो खुद्द अल्झायमरच्या रोगात. अमेरिकेतील जोगिणींच्या मेंदूंच्या अभ्यासात १९९७ मध्ये दिसले की, अल्झायमरचे फेरबदल असूनही ज्यांच्या मेंदूत लहान आघातांच्या खुणा नव्हत्या, त्यांतील पुष्कळ जणींची बुद्धी हयातीत शाबूत होती. २०१६ मध्ये १,१७१ व्यक्तींच्या ७,७०० हून अधिक मेंदूचित्रांचे विश्लेषण झाले. अल्झायमरच्या वाटेवर सर्वांत आधी बिघडते ते रक्तप्रवाहाचे नियमन, असा त्याचा निष्कर्ष. २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात आढळले की, शेकडा दोनच्या आसपास केशवाहिन्या पांढऱ्या पेशी चिकटून तुंबलेल्या होत्या. त्या मोकळ्या करताच प्रवाह वाढला आणि उंदरांचे स्मरण काही तासांत सुधारले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे सांगावयास नकोच. तरी रॉय आणि शेरिंग्टन यांच्यापासून अडलेल्या प्रश्नाचे उत्तर आता 'दोन्ही' असे दिसू लागले आहे. रोगाने प्रवाह घटतो, आणि घटलेला प्रवाह रोगाला हात देतो.

आपल्या देशात साठीच्या पुढे शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने दिला. संख्या मोठी आहे. पण उलट बाजूने वाचली तर दर शंभरांतील ९२ वृद्धांची बुद्धी नाठी झालेली नाही. जे त्या आठांत सापडतात, त्यांच्यात शिंदे की छावणीतील एका घरात जन्मलेला आणि ज्याच्या वक्तृत्वाची मोहिनी साऱ्या देशावर होती असा आपल्या शहराचा सुपुत्रही असू शकतो. अटलबिहारी वाजपेयींना २००९ मध्ये पक्षाघात झाला आणि वाणी गेली. पुढे स्मृतिभ्रंश झाल्याचे वृत्तपत्रांतून आले. मार्च २०१५ मध्ये भारतरत्न देण्यास राष्ट्रपती त्यांच्या घरी गेले. १६ ऑगस्ट २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांच्याविषयी 'साठी बुद्धी नाठी' असे कोणी म्हटले नाही. सर्वांनी आजारच म्हटले, आणि ते योग्यच होते.

शेवटी एका रूढ भीतीविषयी. रक्तदाबाची गोळी घेतली की दाब उतरतो, मग मेंदूला रक्त कमी पडत असेल, या तर्काने गोळी परस्पर बंद करणारे आमच्या परिचयात थोडे नाहीत. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्यावी हे खरे; परंतु तर्क मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेत ९,३६१ जणांच्या अभ्यासात एका गटाचा वरचा दाब १२० खाली आणि दुसऱ्याचा १४० खाली ठेवण्यात आला. पहिल्या गटात सौम्य बुद्धिऱ्हास शेकडा १९ नी कमी आढळला, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण स्मृतिभ्रंशातील घट निश्चित म्हणण्याइतकी नव्हती. त्यांतील काही जणांच्या मेंदूचा प्रवाह चुंबकीय चित्रणाने मोजला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले : दाब अधिक उतरविलेल्यांचा प्रवाह घटला नव्हता, उलट वाढला होता. दस्तूरांच्या तक्त्यात रक्तदाबाचाही एक रकाना आहे. तरुणांचा सरासरी दाब ८३, निरोगी वृद्धांचा ९३, आणि ज्यांचा प्रवाह ४८ वर आला होता त्या तिसऱ्या गटाचा १२१. त्या गटातील एकालाही स्वतःला काही होत आहे असे वाटत नव्हते.